परतीची ओंजळ

शर्वरी जंगम हिंगणटेकला पहिल्यांदा आली ती काही गावाच्या ओढीनं नव्हे. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिला दोन श्रेयांक कमी पडत होते, आणि विद्यापीठाच्या ‘हरित दूत’ योजनेत वर्षभर दर शनिवारी एखाद्या खेड्यातल्या शाळेत जाऊन पोरांना शाश्वत विकास शिकवला की ते पदरात पडत होते. योजनेनं एक हिरवा टी-शर्ट दिला होता, तो तिला दोन मापांनी मोठा होत होता. त्या अवतारात ती एसटीतून उतरली, शाळेत गेली, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘शाश्वत विकास’ लिहिलं आणि वळून म्हणाली, “कुणाला काही विचारायचंय?”

पहिल्या रांगेतल्या, दोन वेण्या वर बांधलेल्या मुलीनं हात वर केला. चौथीतली तनिष्का खरात ती. सगळे तिला तनू म्हणत.

“ताई, तुमच्या गावाची पानवर्षं किती?”

“आमच्याकडे मोजत नाहीत,” शर्वरी म्हणाली. ती कराडची. “आमच्याकडे नदी आहे.”

चारही इयत्ता एकाच वर्गात बसत. सव्वीस पोरं तिच्याकडे अशी बघायला लागली की जणू ती सोन्याच्या ताटात जेवून आली होती. शर्वरीला उगीचच लाजल्यासारखं झालं.

पाणवर्षं हा शब्द तेव्हा पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत शेंबड्या पोराच्याही तोंडी होता. सरकारनं जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं एक संगणकी यंत्र उभारलं होतं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला सरळ ‘पाताळ’ म्हणत. आपल्याकडची जमीन म्हणजे काळ्या खडकाचे एकावर एक रचलेले थर. पाणी साठतं ते त्यांच्या भेगांत आणि मधल्या मुरमाडीत. डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून गावोगावी सहा इंची निरीक्षण-बोअर पाडले, प्रत्येकाच्या तळाशी बोटाएवढा सेन्सर सोडला. वरच्या पाण्याचं वजन किती, एवढंच तो सांगायचा. वजनावरून पातळी कळायची. त्याच्या जोडीला पाऊस, उपसा, आकाशातून उपग्रहांनी केलेलं जमिनीचं वजन, हे सगळं पाताळात जायचं. त्या यंत्रानं जमिनीखालची अख्खी दुनिया आपल्या पोटात तशीच्या तशी उभी केली होती. आपल्या विहिरी आटायच्या आधी ते आपल्या पोटातल्या विहिरी आटवून बघायचं आणि सांगायचं, या गावाला इतकी वर्षं पाणी पुरेल. तीच पाणवर्षं.

कुणाला मदत आधी द्यायची ते कळावं, म्हणून हे सगळं केलं होतं. पण आकडा एकदा चारचौघांत आला की तो कुणाचं ऐकत नाही. पाचाच्या खाली गेलेल्या गावाला नवी शाळाखोली मिळेना, नर्सबाई बदली मागून जाऊ लागली. तिनाच्या खाली गेलं की नाव स्थलांतराच्या यादीत. उन्हाळ्यातले टँकरसुद्धा आकड्यावरच ठरत. आणि सोयरीक जुळवणारे पत्रिका नंतर बघत, आधी पाणवर्षं विचारत. हिंगणटेकची होती चार. गावात लग्नाची पोरं मावत नव्हती आणि मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं.

त्यात गावचा एकशे सतरा नंबरचा बोअर पडला शाळेच्या आवारात, आणि आदल्या पावसाळ्यात वीज पडून त्याचा सेन्सर जळालेला. नवा येईपर्यंत हातानं पातळी घ्यायची असं ठरलं आणि ते काम हरित दूतांच्या गळ्यात पडलं. दर शनिवारी सकाळी नऊला शर्वरी बोअरचं झाकण काढायची, टेप आत सोडायची. पाण्याला टेकली की टेप पिंपिं वाजायची. आकडा मोठ्यानं वाचायचा आणि तो वहीत लिहायचं काम तनूचं. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं, आणि त्याचा तिला तोराही होता.

“वहीत खोडायचं नाही,” शर्वरीनं पहिल्याच दिवशी बजावलं. “चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली खरं लिहायचं. विज्ञानात हाच एक नियम.”

“आन् खरं वंगाळ आसलं तर?” तनूनं विचारलं.

“तरी तेच लिहायचं.”

पहिला आकडा होता तेवीस मीटर चाळीस. जमिनीपासून पाणी तेवढं खोल.

दुपारचं जेवण तनूच्या घरी असायचं. तनूची आई अलका भाकरीबरोबर हुलग्याचं माडगं करायची आणि शर्वरी दोन वाट्या ओरपायची. घरात माणसं दोनच, मायलेकी. तनूचा बाप संपत चाकणच्या एका कारखान्यात होता, दिवाळीला चार दिवस यायचा. त्याला दादा म्हणणारी तनू त्याच्याबद्दल कधी बोलायची नाही. पण दारामागच्या खिळ्याला त्याचा शर्ट टांगलेला होता आणि जाता-येता ती त्याच्या बाहीला हात लावायची.

एकदा अलका पाण्याला निघाली तशी शर्वरीही तिच्याबरोबर विहिरीवर गेली. बायका घागरी भरत होत्या. निघताना प्रत्येक जण घागरीतलं ओंजळभर पाणी पुन्हा विहिरीत सोडत होती.

“हे काय वहिनी?”

“परतीची ओंजळ. घ्याचं ते घ्याचं, पर हिला मोकळी सोडायची न्हाय. माझी सासू म्हनायची, हीर आपली लेकुरवाळी हाय, तिच्या तोंडातला समदा घास काढू नगं.”

शर्वरी हरखून गेली. पुढच्या शनिवारी वर्गात तिनं अख्खा तास त्या ओंजळीवर काढला. “पुस्तकातला शाश्वत विकास सोडा,” ती म्हणाली. “तुमच्या आया रोज करतात तोच. जेवढं घेतो त्यातलं थोडं परत द्यायचं. तुम्ही घरी एक बाटली पाणी वाचवलंत ना, की ते पाणी जमिनीकडे परत जातं. सगळ्यांनी असं केलं तर बोअरची पातळी वर येईल आणि पाणवर्षं वाढतील.”

मुलांनी ते कान देऊन ऐकलं. एवढं कान देऊन तिचं तोवर कुणीच ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचा फार आनंद झाला.

दिवाळीनंतर पातळी वर यायला लागली. बावीस नव्वद. बावीस दहा. एकवीस पस्तीस. शर्वरीनं टेप दोनदा तपासली. पावसाळ्याआधी गावानं डोंगराच्या अंगाला चर खणले होते. त्यांतलं पाणी मुरायला लागलं असणार, असं तिच्या मार्गदर्शक सबनीस मॅडम म्हणाल्या. कारण पटण्यासारखं होतं आणि सगळ्यांना पटवूनच घ्यायचं होतं. पाताळानं आकडे गिळले, आपल्या पोटातल्या हिंगणटेकचे खडक थोडे जास्त भेगाळ करून घेतले आणि जानेवारीच्या शेवटी नवा आकडा दिला. अकरा.

गावानं गुलाल उधळला. ऐन माघात. दोन सोयरिकी आठवड्याभरात ठरल्या. अकरा पाणवर्षांच्या गावाला नवे खोल बोअर घ्यायची परवानगी मिळते. पाच जणांनी ते लगेच घेतले. आणि एका शनिवारी शर्वरी तनूच्या घरी गेली तर दारामागचा शर्ट संपतच्या अंगावर होता.

“आलो कायमचा,” तो हसून म्हणाला. “अर्ध्या एकरात डाळिंब लावलंय. तुमी पोरास्नी काय शिकिवलं कुनाला ठावं ताई, पर पाताळाला पाझर फुटला बघा.”

तनू त्याच्या पाठीवर लोंबकळत होती, एवढी मोठी घोडी झालेली असूनसुद्धा. त्या दिवशी तिनं वहीत आकडा लिहिला तो नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. एकोणीस मीटर वीस.

मार्चमध्ये विद्यापीठाची परीक्षा शनिवारी आली, म्हणून शर्वरी त्या आठवड्यात बुधवारीच गावात आली. शाळा भरायची होती. तिनं एकटीनंच झाकण काढून टेप सोडली. एकोणीस झाले, वीस झाले, एकवीस. टेप वाजेना. तिला वाटलं, बिघडली. बावीस, तेवीस, चोवीस. चोवीस मीटर साठवर पिंपिं आवाज आला.

तिनं पाच वेळा मोजलं. पाचही वेळा तेच.

शनिवारच्या आधी बोअरचं काय होतं ते बघायला, परीक्षा बाजूला ठेवून ती शुक्रवारी पुन्हा आली आणि मुख्याध्यापक माने गुरुजींच्या खोलीत बसून राहिली. साडेचारला शाळा सुटली. पोरं घराकडे गेली नाहीत. बोअरपाशी रांग लागली, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. तनूनं झाकण काढलं. एकेक जण पुढे यायचा, बाटली पाइपात उपडी करायचा, दोन्ही हात जोडायचा आणि बाजूला व्हायचा. कुणी ढकलाढकली करत नव्हतं. पहिलीतल्या एका पोरीनं बाटली उपडी करण्याआधी तिच्याकडे एकदा बघितलं, ओठावरून जीभ फिरवली आणि मग ओतली.

माने गुरुजी खिडकीपाशी येऊन उभे राहिले. “हे दिवाळीपासून चाललंय,” ते कौतुकानं म्हणाले. “आधी पाचसहा पोरी होत्या, आता सगळी शाळा. मोठ्यांना सांगू नका म्हणतात, गुपित आहे आमचं. दिवसभर घोटभर पितात आणि बाकीचं राखून ठेवतात. तुम्ही चांगले संस्कार लावले हो.”

शर्वरीला सगळं कळून चुकलं. सहा इंची बोअरात अठरा लिटर ओतले की पातळी मीटरभर चढते. खाली अभंग खडक, पाणी झिरपायला दिवस लागतात. शुक्रवारी संध्याकाळी ओतलेलं शनिवारी नऊला जागेवर असतं आणि बुधवारपर्यंत खडक ते पिऊन टाकतो. सव्वीस पोरं, दीड-दीड लिटरच्या बाटल्या, कुणाची एक, कुणाच्या तीन. चरांतलं पाणी मुरलं नव्हतं की पाताळाला पाझर फुटला नव्हता. पोरांनी स्वतःच्या तोंडचं पाणी ओतून गावाला सात वर्षं दिली होती. आणि त्या सात वर्षांच्या भरवशावर पाच नवे बोअर खरं पाणी उपसत होते.

तिनं तिथूनच सबनीस मॅडमना फोन लावला. मॅडमनी आधी बुधवारचा आकडा विचारून घेतला.

“मोटारी अशाच चालल्या तर विहीर मेमध्ये तळ गाठेल,” मग त्या म्हणाल्या. “आणि अकरा आकड्याच्या गावाला टँकर मिळत नाही.”

“मग आपण कळवू, नोंदी चुकीच्या आहेत म्हणून.”

“नुसतं तेवढं कळवलंस तर नोंदी बाद होतील आणि नवा आकडा यायला वर्ष जाईल. तोवर अकराच राहणार. आत्ता दुरुस्त करायचा तर कुठल्या आठवड्यात किती लिटर ओतलं ते लागेल. तेवढं वजा करता येतं.”

“आणि वजा केल्यावर?”

“चाराच्या वर नाही येणार, शर्वरी. नवा उपसा धरला तर बहुतेक दोन.”

दोन म्हणजे स्थलांतराची यादी. गप्प राहावं, तर उन्हाळ्यात हीच पोरं तहानेनं तडफडतील. बोलावं, तर गाव जाईल. त्या रात्री ती अलकाकडेच राहिली; वाढलेलं माडगं ताटात गार होत होतं. संपत अंगणात तनूला डाळिंबाच्या कळीबद्दल सांगत होता, पहिल्या वर्षीची कळी खुडायची असते, झाड मोठं व्हायला हवं म्हणून. शर्वरी ताटावर बसून ते ऐकत राहिली.

शनिवारी ती परीक्षेला गेली नाही, वर्गात गेली. हातात वही घेतली आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाली, “बोअरमध्ये पाणी कोण कोण ओततं ते मला कळलंय. रागावणार नाही. कुणी किती ओतलं, कधीपासून, ते सांगा. मला लिहून घ्यायचंय.”

पोरांना वाटलं, बक्षीस आहे. सव्वीस हात वर गेले.

“ताई, माझ्या दोन बाटल्या, संक्रांतीपास्नं!”

“माझ्या तीन! येक आज्याची!”

“म्या तापात पन आनली हुती, ईचारा गुरुजींस्नी!”

एकमेकांवर कडी करत ती सांगत होती आणि शर्वरी लिहीत होती. नाव, बाटल्या, केव्हापासून. एवढं खरं बोलणारी, तारीख-वार बिनचूक सांगणारी साक्ष कुठल्या शास्त्रज्ञाला मिळाली नसेल. तिचं तिलाच वाटलं, आपण यांचे खिसे कापतोय. पहिल्या रांगेत तनूचा हात वर होता. मग तिनं शर्वरीच्या तोंडाकडे बघितलं आणि बघतच राहिली. हात हळूहळू खाली आला.

शर्वरीनं तिचं नाव विचारलं नाही. पंचवीस नावं लिहिली आणि वही मिटली.

वर्ग सुटल्यावर तनू तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“ताई, त्ये पानी खाली गेलं न्हाय का?”

“गेलं बाळा. पण ते फार थोडं होतं.”

“पातळी तर वर आल्ती.”

“पाइपातली आली होती. जमिनीतली नाही.”

तनूनं वहीकडे बघितलं. “मंजे आमी खोटं लिवलं.”

“तुम्ही नाही. मी नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

“मग आता दादा परत जानार?”

तनूनं शर्वरीच्या हातातून वही घेतली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि यादीच्या शेवटी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: ‘तनिष्का संपत खरात. तीन बाटल्या. दर शुक्रवारी. पहिल्यापासून.’ खाली एक ओळ सोडून लिहिलं: ‘पाणी ओतले.’ वही परत दिली आणि घरी गेली. त्यानंतर ती शर्वरीशी बोलली नाही, एक शब्दसुद्धा नाही.

आकडा आठ दिवसांत आला. दोन. टँकर सुरू झाले, मोटारींना कुलपं लागली. त्या उन्हाळ्यात हिंगणटेकमध्ये पाण्यावाचून कुणी दगावलं नाही, हे खरं. ठरलेल्या दोन्ही सोयरिकी मोडल्या, हेही खरं. गावात शर्वरीला कुणी शिवी दिली नाही. लोक तिला ‘या ताई’ म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. एकटी अलका काय ते बोलली.

“लेकरं तान्हेली ऱ्हाऊन वतत हुती आन् आमाला कळलं न्हाय,” ती म्हणाली. “तुमास्नी तरी काय बोलायचं? पर ताई, आता हितं जेवायला येऊ नगा. तनी आत जाऊन बसती.”

पुढच्या वर्षी, चैत्रातल्या एका शनिवारी, गाव हललं. बावन्न किलोमीटरवर कालव्याच्या अंगाला नवी वसाहत होती, पत्र्याच्या सारख्या घरांची. संपत त्याआधीच चाकणला परत गेला होता. ट्रक भरून झाल्यावर बायका विहिरीवर गेल्या. तळाला हिरवट डबकं उरलं होतं. आदल्या दिवशीच्या टँकरचं जे काही घागरीत राहिलं होतं त्यातली ओंजळ ओंजळ प्रत्येकीनं आत सोडली. शर्वरी लांब रस्त्यावर उभी होती, जवळ जायचं धाडस तिला झालं नाही. शाळेच्या आवारात एकशे सतराच्या झाकणाखाली नुकताच नवा सेन्सर बसला होता.

श्रेयांक मिळाले. पदवी मिळाली. नोकरीही मिळाली, पुण्याला, खुद्द पाताळाच्या केंद्रात. शर्वरी आता तिथली मोठी अधिकारी आहे. उपसा थांबल्यापासून हिंगणटेकच्या खडकात पाणी पुन्हा साठायला लागलं. तेवीस, बावीस, एकवीस. माणसंच नाहीत, म्हणून पाणवर्षांच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं येतं. गाव उठल्याला दहा वर्षं झाली त्या चैत्रात पातळी एकोणीस मीटर वीसवर आली होती. पोरांनी बाटल्यांनी आणलेली तीच पातळी. शर्वरीनं तो आकडा दोनदा वाचला.

त्याच आठवड्यात नव्यानं रुजू झालेली मीनल तिच्या टेबलाशी आली.

“मॅडम, एकशे सतराचा सेन्सर बिघडलाय. शनिवारी सकाळी पावणेनऊला पातळी एकदम ब्याऐंशी सेंटिमीटर वर गेली आणि चार दिवसांत पुन्हा खाली. पाऊस नाही, गावात कुणी नाही. मागचं काढून बघितलं तर दर वर्षी चैत्रातल्या एका शनिवारी हेच. कुणीतरी दर वर्षी नोंद तशीच ठेवलीय. मी काढून टाकू?”

“काढायची नाही,” शर्वरी म्हणाली. “खाली खरं लिहायचं.”

ब्याऐंशी सेंटिमीटर म्हणजे पंधरा लिटर. एक घागर. वसाहतीपासून बावन्न किलोमीटर, आणि तिकडे एसटी आता जात नाही. ती मुलगी वीस वर्षांची झाली असेल. नऊ वर्षं शर्वरी दर चैत्रात ही उभी रेघ बघत आली होती, दर वर्षी त्या शनिवारी जाऊन बोअरपाशी उभं राहावं असं ठरवत आली होती, आणि एकदाही गेली नव्हती. शेऱ्याचा रकाना तिनं आजवर कोराच सोडला होता.

तिनं खुर्ची पडद्याकडे वळवली, ती नोंद उघडली आणि शेऱ्यात लिहिलं: ‘पाणी ओतले. एक घागर.’ त्यापुढे निरीक्षकाच्या नावाची जागा होती. तिथे लिहिलं: ‘तनिष्का संपत खरात.’ अक्षरं धूसर दिसायला लागली तेव्हा तिनं चष्मा काढून ठेवला.

“ही कोण, मॅडम?” मीनलनं विचारलं.

“नोंदवही तिच्याकडे असायची,” शर्वरी म्हणाली.